साळवे मॅडम आणि आसरांची विहीर

साळवे मॅडम नीट बसलेल्या मला आठवतच नाहीत. लॅबमधल्या उंच स्टुलाला त्या नुसत्या टेकलेल्या असायच्या, एक पाय जमिनीवर, म्हणजे कुणी हाक मारली तर लगेच निघता यावं. डबासुद्धा खिडकीपाशी उभ्यानेच खायच्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात सकाळच्या पाळीने लिहिलेला रिपोर्ट. जेवताना वाचू नये असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाल्या, "वाचत नाहीये, चुका शोधतेय."

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघं होतो. कपडे रंगवायच्या रंगांना लागणारी रसायनं तिथे बनायची. दोन हजार सालानंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. मी नुकताच बीएस्सी झालेला, बदलापूरकडच्या शेतकरी घरातला. त्या चाळिशी ओलांडलेल्या, लॅबमध्ये सगळ्यांत जुन्या. पहिल्याच दिवशी मी एका नमुन्याचा पीएच मोजून वहीत लिहिला. त्यांनी विचारलं, "कशावरून?" मी म्हटलं, मीटर दाखवतोय. "आणि मीटर बरोबर आहे, हे कशावरून?" त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तो एकच नमुना मोजत होतो.

"कशावरून?" हा त्यांचा शब्द सगळ्या कंपनीला पाठ होता. कॅन्टीनवाला चहा ताजा आहे म्हणाला तरी तो यायचा. गेटवरचा वॉचमन पाठीमागून त्यांची नक्कल करायचा, आणि त्यांना ते माहीत होतं.

विठ्ठलवाडी डेपोच्या मागे दोन खोल्यांत त्या आईबरोबर राहायच्या. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली साताऱ्याकडच्या गावी बौद्ध धम्म स्वीकारला आणि घरातले देव वस्तीच्या विहिरीत सोडले. ही गोष्ट त्यांच्या घरात अभिमानाने सांगितली जायची. मॅडमना मात्र त्यातलं वेगळंच काही आठवायचं. देव सोडल्यावर आजी बरेच दिवस त्या विहिरीत पोहरा टाकायला घाबरत होती म्हणे. हे सांगताना त्या हसायच्या. त्यांना ते हसू बरं वाटत नसावं, कारण लगेच काहीतरी धुवायला घ्यायच्या.

मॅडमना सिनेमा काढायचं वेड कसं लागलं ते सांगतो. आमच्या प्लान्टमध्ये बाळाराम नावाचा हेल्पर होता, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. बदलापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकदा तो सुट्टी मागायला आला आणि कारण विचारल्यावर बोलून गेला की गावच्या विहिरीतल्या आसरा कोपल्यात, त्यांचा मान द्यायचाय. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, सात बहिणी. आमच्याकडे प्रत्येक जुन्या विहिरीला आणि डोहाला त्या असतातच. बाळारामच्या चुलतीच्या, हिराबाईच्या, अंगात आसरा यायची. तिने वर्षभरापूर्वी सांगितलं होतं की या विहिरीचं पाणी तोंडात घ्याल तर पोरंबाळं जातील. तेव्हापासून काठोकाठ भरलेली विहीर सोडून बायका मैलभर लांबच्या हातपंपावर जात होत्या.

मॅडमनी हे ऐकलं आणि त्या दिवशी दुपारभर लॅबमध्ये फेऱ्या मारल्या. एवढी चांगली विहीर, आणि एका म्हातारीच्या घुमण्यावरून बायकांनी कमरेवर हंडे घेऊन मैलभर चालायचं. भाषणं लोक विसरतात, त्या म्हणाल्या. पिक्चर विसरत नाहीत.

तरुणपणी त्यांनी विहारातल्या मुलांना घेऊन पथनाट्यं बसवली होती, तेवढाच अनुभव. कॅमेरा मिळाला उल्हासनगरच्या लछमनभाईंकडून. त्यांचं लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं आणि मॅडमनी कधीतरी त्यांच्या मुलीला दहावीचं केमिस्ट्री शिकवलं होतं. लछमनभाई म्हणाले, "कॅमेरा ले जाओ मॅडम, पर मुहूर्ताच्या दिवशी नाय मिळणार." म्हणजे ज्या रविवारी कुणाचं लग्न निघत नाही, त्याच दिवशी आमचं शूटिंग. अंधश्रद्धेविरुद्धचा सिनेमा करायला आम्ही पंचांग बघून तारखा ठरवत होतो. हे मी म्हणालो तेव्हा मॅडम पहिल्यांदा मोठ्याने हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पंचांगच विकत घेऊन आल्या.

गोष्ट त्यांनीच लिहिली होती. गावात विहिरीची भीती. एक म्हातारी, तिच्या अंगात येतं. शहरातून एक केमिस्ट येतो, पाणी तपासतो, सगळ्या गावासमोर पेलाभर पिऊन दाखवतो. मग बुद्धविहारातले एक वृद्ध गृहस्थ चार शब्द सांगतात की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. शेवटी बायका विहिरीवर येतात. केमिस्टचं काम माझ्याकडे होतं.

हिराबाईचं काम हिराबाईच करणार होती. हे कसं जमलं याचं मला अजून नवल वाटतं. साठीची, काटकुळी बाई, कपाळावर मोठं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मॅडम तिच्या ओट्यावर जाऊन स्पष्टच म्हणाल्या की तुमचं म्हणणं खोटं आहे असं दाखवणारा सिनेमा काढतेय, काम कराल का? हिराबाईने विचारलं, जेवण कुणाकडे? मॅडम म्हणाल्या, आम्ही डबे आणतो. "मंग नाय जमायचं. जेवाल तं काम करीन." त्या दिवशी आम्ही तिच्याकडे नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. मॅडम तिथेही उभ्याच होत्या. म्हातारीने त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं.

एक अडचण होती. अंगात आल्याचा प्रसंग घ्यायचा होता आणि हिराबाई म्हणाली, ती सांगून येत नाय. मॅडमना वाटलं, कॅमेऱ्यासमोर येईल. तीन रविवार आम्ही ओट्यासमोर कॅमेरा लावून बसलो. हिराबाईने तांदूळ निवडले, नातवाला न्हाऊ घातलं, शेजारणीशी भांडली. मॅडम अंगणात इकडून तिकडे. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी त्यांनी चिडून विचारलं, नुसतं करून दाखवायला काय होतंय? म्हातारी शांतपणे म्हणाली, मी खोटं कसं करू बाय. कॅमेरा बंद करून आम्ही निघालो. मला वाटतं, हिराबाई ढोंगी निघाली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

मग पाणी पिण्याचा सीन ठरला. मी सुचवलं की पेल्यात बाटलीतलं पाणी घेऊ, कुणाला कळतंय. खरं कारण मी सांगितलं नाही. माझी आईही आमच्या विहिरीवरच्या आसरांना खण-नारळ ठेवते आणि बीएस्सी झालो तरी ते पाणी मला प्यायचं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या की तू प्यायचं ते त्याच विहिरीचं, पण आधी मी तपासणार.

शुक्रवारी बाळारामने बाटली भरून आणली. पाण्यात रसायनांची भेसळ आहे का हे बघायला आम्ही त्यात एक नारिंगी द्रावण घालून दोन तास उकळायचो. पाणी चांगलं असेल तर नारिंगी रंग टिकतो, घाण असेल तर हिरवा होत जातो. मॅडमनी चंबू तापत ठेवला आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो. अर्ध्या तासाने मी वळून पाहिलं तर चंबू हिरवागार होता. कंपनीच्या सांडपाण्याचा होतो तसा.

त्यांनी बाटली बदलून पुन्हा चाचणी लावली. मग तिसऱ्यांदा. मग स्वतः जाऊन विहिरीतून पाणी काढून आणलं आणि चौथ्यांदा. दर वेळी हिरवं. चौथा चंबू त्यांनी उजेडासमोर धरला. मी म्हणालो, बरं झालं मी प्यायलो नाही. त्या म्हणाल्या, "गावातल्या बायकाही प्यायल्या नाहीत, भोईर. वर्षभर."

रविवारी कॅमेरा न घेताच आम्ही हिराबाईकडे गेलो. मॅडमनी विचारलं, पाणी खराब आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? त्यांचा तो शब्द मी हजारदा ऐकला असेल, पण तो खरोखरच उत्तरासाठी विचारलेला त्या दिवशी ऐकला. म्हातारीने बोटांवर मोजत सांगितलं. आधी बेडूक गेले. मग मासोळ्या उलट्या होऊन वर आल्या. मग पाण्याला, गोठ्यात फवारतात तसल्या औषधाचा वास आला, पण रोज नाही, अधूनमधून. मग कुणाची गाभण म्हैस गेली, तीही याच विहिरीचं पाणी पिणारी.

"मग हे असंच का नाही सांगितलंत लोकांना?"

"सांगितला ना. सरपंचाला सांगितला, पोराला सांगितला. म्हातारीचा कोन ऐकतंय? मंग ती आली आंगात, ती बोलली. तिचा ऐकला."

मॅडम खाली बसल्या. कुणी पदर न ओढता.

पुढचे दोन महिने त्यांना झोप नव्हती असं त्यांची आई सांगायची. सिनेमाची वही त्यांनी फाडली नाही, पण तिच्यात काट मारलेली पानं वाढत गेली. सुट्टीच्या दिवशी त्या विहिरीच्या वरच्या अंगाला नाल्याकाठाने चालत जायच्या, कधी बाळारामला घेऊन, कधी एकट्या. वरती एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिच्या तोंडाशी टँकरच्या चाकांचे ताजे ठसे आणि खाली साचलेलं लालसर पाणी. त्यांनी ते बाटलीत भरलं, लॅबमध्ये आणलं आणि आमच्याच कंपनीच्या टाकीतल्या सांडपाण्याशेजारी ठेवून तपासलं. दोन्ही एकच होतं. वाससुद्धा.

आमचं सांडपाणी एका कंत्राटदाराचे टँकर घेऊन जायचे. ते शुद्धीकरणाला जातं, असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं. त्या नोंदीखाली सही मॅडमची.

मॅनेजरसाहेबांकडे त्या मला बरोबर घेऊन गेल्या. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की गाडी गेटबाहेर पडली की पुढचं कंत्राटदाराचं काम. मॅडम म्हणाल्या, "रवाना झालं असं मी लिहिते, सर. कुठे, ते मी कधी बघितलंच नाही. दुसऱ्यांच्या नोंदी मात्र रोज तपासते." साहेब मग माझ्याकडे वळले. म्हणाले, भोईर, तू तिकडचाच आहेस, तुला काय वाटतं? माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते. मी म्हणालो की शेतातल्या फवारणीचं औषधही विहिरीत उतरू शकतं, नक्की सांगता येणार नाही.

मॅडम मला काही बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला वाटतं त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांची बदली स्टोअरला झाली. पिंपं मोजायचं काम. पंधरवडाभर त्यांनी ते केलं आणि राजीनामा दिला. घरी आईने विचारलं तर म्हणाल्या, पोट भरायची रीत नीट असावी असं तूच सांगत आलीस लहानपणापासून. आई बिचारी म्हणाली, मी ते दारू विकू नये म्हणून सांगत होते गं.

सिनेमा मात्र त्यांनी पुरा केला. केमिस्टचा सीन काढून टाकला आणि त्या जागी स्वतः उभ्या राहिल्या, विहिरीच्या काठावर, चौथा चंबू हातात घेऊन. म्हणाल्या की हे पाणी घाण करणाऱ्यांच्या कागदावर सही माझी आहे. त्यानंतर हिराबाई, बेडकांपासून म्हशीपर्यंत सगळं तिच्याच शब्दांत. शेवटी टँकर बंद झाल्याचं आणि पंचायतीने पाण्याचे नमुने सरकारी प्रयोगशाळेला पाठवल्याचं दाखवलं होतं. टँकर खरंच बंद झाले होते. बाळारामने गावातल्या माणसांना खाणीच्या वाटेवर आडवं उभं केलं, त्यानंतर.

गावच्या शाळेत चादर लावून पहिला खेळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि संपल्यावर हिराबाईच्या पाया पडायला रांग लागली. सरपंच म्हणाले, आता सायन्सवाल्या मॅडमनी पण सांगितलं, आमच्या आसरा जागृत आहेत. मॅडम त्यांना समजवायला गेल्या, पण ढोल सुरू झाला होता.

दुसरा खेळ उल्हासनगरला, त्यांच्या ओळखीच्या विहाराच्या हॉलमध्ये. तिथे उलटं झालं. एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले की ज्या गोष्टी आपण छप्पन साली पाण्यात सोडल्या त्याच तुम्ही बाहेर काढताय, ताई. मॅडम उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "तिची आसरा खरी आहे असं मी म्हटलेलं नाही, सर. ती बाई खरं बोलली, एवढंच म्हटलंय."

मास्तर म्हणाले, हा फरक लोकांना कळणार नाही. ते मॅडमना इतकं लागलं की घरी जाताना त्या माझ्या आणि आईच्या पुढे पन्नास पावलं चालत होत्या. घरी चहा घेताना त्यांची आई पुटपुटली, "तू त्या बाईला विचारलंस तरी. तुझ्या आजीला कुणी विचारलं नव्हतं, विहिरीला का घाबरतेस म्हणून." मॅडमनी कप ठेवला आणि आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर मी त्यांना फारसं भेटलो नाही. खरं तर टाळलंच. मी त्याच कंपनीत राहिलो, लॅबचा इन्चार्ज झालो, लग्न झालं, मुलगी झाली. त्या मुलांना केमिस्ट्री शिकवतात आणि सिनेमा पुन्हा पुन्हा कापतात-जोडतात, असं लछमनभाईंकडून कळायचं. हिराबाई गेल्याचं बाळारामने सांगितलं, तेव्हा मॅडम तिच्या दहाव्याला दिवसभर होत्या हेही कळलं.

शेवटचं पाहिलं ते पाच-सहा वर्षांनी, अंबरनाथ स्टेशनबाहेर. मी मुलीला शिवमंदिरात नेऊन परत येत होतो. बदलापूरकडे जाणारी शेअर रिक्षा भरायची वाट बघत उभी होती आणि त्यात कडेच्या सीटवर मॅडम. केस पांढरे झालेले, मांडीवर कापडी पिशवी, एक पाय रिक्षाच्या बाहेर. मला बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी मुलीचं नाव विचारलं, तिच्या गालाला हात लावला. मी सिनेमाचं विचारलं. म्हणाल्या, संपलेला नाही. शेवट चुकलाय. टँकर बंद झाले असं दाखवलंय ना, पण कारखाना तर चालूच आहे. म्हणजे टँकर कुठेतरी रिकामे होतातच. बदलापूरच्या बाजूचे सगळे नाले त्या एकेक करून बघत होत्या. आज तिसरा.

मी अजून त्याच कंपनीत कामाला आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी पुन्हा फवारणीचं काहीतरी बोललो असतो.

मुलगी हात ओढत होती. मी म्हणालो, "मॅडम, बदलापूरला काही सापडणार नाही. गाड्या आता मलंगगडच्या रस्त्याला जातात. मोठ्या वडानंतर डावीकडे खाण आहे, तिथे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं वय मला तेव्हा दिसलं. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि रिक्षातून उतरल्या. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, बसा, एकच सीट बाकी आहे, निघालोच. तोवर त्यांनी रस्ता ओलांडलासुद्धा होता. पलीकडे रिक्षा नव्हती. त्या थांबल्या नाहीत, मलंगगडच्या दिशेने चालायला लागल्या.